प्रशिक्षणाची तपासणी : एकूण चोवीस मुद्दे

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स. ताईने नाव परस्पर घातलं. म्हणाली, बाळ्या, तुझी पाण्याची भीती जाईल. मला भीती नाही. मी सावध आहे.
संकल्प : नुसतं शिकायचं नाही, प्रशिक्षणाचा दर्जाही तपासायचा. बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात तीन वर्षं तपासनीस आहे. सदोष झाकण माझ्या हातून सुटत नाही. नवी वही घेतली. चोवीस मुद्दे आखले. प्रत्येकाला दहापैकी गुण.

३ मार्च, संध्याकाळी
तलावाच्या सूचनाफलकावर शुद्धलेखनाच्या चार चुका. गुण : ३.
शिकवणाऱ्या बाई उंचीला लहान, आवाजाला मोठ्या. कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकायचे, डोकं बुडवायचं आणि तोंडातल्या रेग्युलेटरमधून श्वास घ्यायचा. मी बसलो. लगेच उठलो. बाईंनी विचारलं, काय रे, काय झालं? म्हटलं, निरीक्षण करतोय.

५ मार्च
मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं. बॅचमधल्या आठ जणांपैकी सात जणांना जमलं. प्लंबरकाकांनाही. ते रिटायर्ड, एकसष्ट वर्षांचे. म्हणाले, जन्मभर लोकांची तुंबलेली मोरी मोकळी केली, हे तर घरचंच नाक.
मला अकरा प्रयत्नांत जमलं नाही. दोष मास्कचा. बाईंनी मास्क बदलून दिला. दोष त्याचाही. क्लास सुटल्यावर बाई पाऊण तास माझ्यासाठी थांबल्या. म्हणाल्या, सावकाश कर, पाणी कुठे पळून चाललं नाही.
नोंद : वेळेचं नियोजन ढिसाळ. गुण : ४.

८ मार्च
जोड्या लावल्या. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने जोडीदाराचं सामान तपासायचं, छापील कागदावर पाच खुणा करायच्या, सही करायची. हवा तपासताना जोडीदाराला रेग्युलेटरमधून दोन मोठे श्वास घ्यायला लावायचे आणि हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बघायचा. काटा खाली आला, तर सिलिंडर बंद आहे. नुसता आकडा बघून चालत नाही, सिलिंडर बंद असला तरी नळीतल्या हवेमुळे काटा वर दिसतो. बाईंनी हे तीनदा सांगितलं. पुनरुक्ती. गुण : ४.
माझे जोडीदार प्लंबरकाका. तुम्ही तज्ज्ञाच्या हातात आहात, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग काय, मी डोळे मिटूनच उतरतो.

१० मार्च
खोल भागातला पहिला दिवस. काका खाली गेले, दोन-तीन श्वास घेतले आणि गळ्यावरून आडवा हात फिरवू लागले. म्हणजे हवा संपली. बाईंनी झडप घालून आपला जादा रेग्युलेटर त्यांच्या तोंडात दिला आणि त्यांना वर आणलं. काकांचा सिलिंडर बंद होता.
काका खोकले. मग हसले. मग हसायचे थांबले.
अक्षम्य हलगर्जीपणा. मुद्दा क्र. १८, सुरक्षितता : ०.
घटना घडली तेव्हा मी पायऱ्यांवर होतो. मुद्दा क्र. ११, टॉवेल, लिहून पूर्ण करत होतो.

११ मार्च
केंद्राच्या मालकांना पत्र दिलं. अडीच पानं, एकही खाडाखोड नाही. बाईंचा परवाना रद्द व्हावा, अशी मागणी केली. मालक म्हणाले, परवाना माझ्या हातात नाही, पत्र सतरा तारखेच्या टपालाने परवाना देणाऱ्या संस्थेकडे जाईल.
रात्री जेवलो नाही. तलावाचं पाणी पोटात गेलं असावं.

१३ मार्च
शिकवायला दुसरे सर. बाई मागच्या खोलीत डायव्हिंगचे ओले सूट धूत होत्या. मी मान खाली घालून निघालो, तर हाक मारली. म्हणाल्या, घरी बादलीत तोंड घालून नाक फुंकायचा सराव करतोस ना? हो म्हटलं. करत नाही.
नव्या सरांना गुण दिले नाहीत. वही आणायला विसरलो. विसरलो म्हणजे आणली नाही.

१४ मार्च, सकाळी ६.२०
केवळ नोंदीसाठी : सिलिंडर पाठीला बांधण्याआधी काकांनी त्याची तोटी फिरवून बंद केली होती. जागेवरून उठताना नळ बंद करायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. काल त्यांनीच सांगितलं. तेव्हा ते मला दिसलं नाही. गेजवर आकडा पुरेसा दिसला. मी खूण केली. त्यांना श्वास घ्यायला लावलं नाही. वहीत गुणांची बेरीज चालू होती.
आजच मालकांना सांगणार. नक्की.

१४ मार्च, संध्याकाळी
मालक फोनवर होते. चार मिनिटं थांबलो. उद्या.

१५ मार्च
केंद्राला सुट्टी. नाइलाज.

१६ मार्च
ताईला सांगितलं. वाटलं, ओरडेल. ओरडली नाही. तिने मला माझ्या पूर्ण नावाने हाक मारली. म्हणाली, त्या बाईंचं पोट आहे त्या परवान्यावर. मग भांडी घासत राहिली.
आज जाणार होतो. शिफ्ट लांबली. खरं तर लांबली नाही.

१७ मार्च
सकाळी साडेअकराला पोहोचलो. टपाल अकराला गेलं.
मालकांना म्हटलं, सर, एक नोंद दुरुस्त करायची आहे. त्यांनी ड्रॉवरमधून तपासणीचा कागद काढला. पाच खुणा, खाली माझी सही, सुबक. म्हणाले, हा दहा तारखेपासून माझ्याकडे आहे. मी तेव्हाच तुला बोलावणार होतो. बाईच म्हणाल्या, शेवटची नजर माझी होती, चूक माझी. त्या पोराचं नाव काढू नका, पुन्हा पाण्यात पाय घालायचा नाही.
तिथेच बसून संस्थेला दुसरं पत्र लिहिलं. चार ओळी. सहा ठिकाणी खाडाखोड. कागद बदलून मागितला नाही.

२० मार्च
संस्थेचं उत्तर नाही. बाई अजून सूटच धुतात. मी मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. माफ करा, एवढंच म्हणता आलं. त्या म्हणाल्या, आधी काकांना बघ.
काकांनी जोडीदार म्हणून मलाच मागितलं होतं. दोन श्वास घ्यायला लावले, काटा बघितला. परत दोन. परत दोन. पाचव्या वेळी काका म्हणाले, अरे, खाली न्यायला थोडी शिल्लक ठेव.
ते खोल भागात गेले. मी उथळ भागात.
मास्क : प्रयत्न क्र. एकोणीस. पाणी नाकात. दोष मास्कचा नाही.