मागच्या खोलीतलं अर्धं मिनिट

वरणगाव,
वैशाख वद्य अष्टमी, मंगळवार

तीर्थस्वरूप कौतिकआबांस,

वरणगावहून गिरधरचा वाकून (कंबर साथ देते तितकं वाकून) नमस्कार.

तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डावा बरा आहे असं आमच्या मोहिनीने नाशिकहून कळवलं. उजव्याबद्दल ती काहीच बोलली नाही, म्हणून काळजी वाटली. वहिनींच्या डोळ्याचं पाणी थांबलं का? म्हैस व्याली का? धुळ्याला ऊन फार आहे असं ऐकतो. इकडचं तर विचारूच नका, दुपारी अंगणातल्या बादलीत चहापत्ती टाकली तर फक्त दूध आणायचं राहील. हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं. पण तुमचा फोन हल्ली तुमची बहीण उचलते, आणि माझा आवाज ऐकला की 'राँग नंबर' म्हणून ठेवून देते. चौतीस वर्षं माझा नंबर बरोबर होता, तो आता चुकला आहे, त्यामुळे पोस्टाचा आधार घेतो.

आबा, लता आखाजीला माहेरी आली. आली ते चांगलंच झालं, सासुरवाशिणीने अक्षय्य तृतीयेच्या या सणाला माहेरी जावं ही आपली रीतच आहे. पण गेली वीस वर्षं तिला ही रीत आठवली नव्हती (शेवटची गेली तेव्हा मोहिनी शाळेत होती आणि तुमच्या दारातल्या निंबाला झोका होता), ती यंदाच एकदम आठवली. आखाजी होऊन वीस दिवस झाले तरी संपलेली दिसत नाही. तुम्हाला तिने सांगितलं असेल की भावाच्या गुडघ्याला शेक द्यायला आले. खरं कारण ती सांगणार नाही. नवऱ्याची चहाडी माहेरी करायची नाही हे तिचं ठरलेलं आहे. तेव्हा माझी चहाडी मीच करतो.

गोष्ट सुरू झाली दिवाळीत. मोहिनीने नवा टीव्ही पाठवला. जुना चांगला चालत होता, तो पुढच्या खोलीत राहिला आणि नवा मागच्या खोलीत, लताच्या राज्यात गेला. आता टीव्ही दोन झाले, पण गच्चीवर छत्री एक आणि घरात बॉक्स एक. जो तो सांगू लागला, दुसरा बॉक्स घ्या, मोकळे व्हा. पण आबा, फॅक्टरीत तपासणी खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला मोकळं व्हायची सवय नसते. एका बॉक्समधून निघालेलं चित्र दोन भिंतींपलीकडे का पोचू नये, हा माझ्यासाठी तत्त्वाचा प्रश्न झाला. आधी मी पुढच्या खोलीपासून मागच्या खोलीपर्यंत वायर ओढली. चित्र छान आलं. आठ दिवसांत त्या वायरवर दोन टॉवेल, एक परकर आणि निथळत घातलेलं दह्याचं फडकं आलं. मी काही बोललो नाही. चक्क्याच्या वजनाने वायर बॉक्समधून उपसून आली तेव्हाही बोललो नाही (चक्का दिवाणावर पडला होता, त्याबद्दल ती बोलली).

मग मला कळलं की हे काम वायरशिवायही होतं. भुसावळहून एक डबी आणली. बॉक्समधून चित्र घ्यायचं आणि या डबीत घालायचं. डबी त्याचे बारीक तुकडे करते, राऊटर ते तुकडे घरभर हवेत सोडतो आणि मागचा टीव्ही ते वेचून पुन्हा जोडतो. ऐकायला खोटं वाटतं, पण तीन दिवस खटपट करून मी ते जोडलं. पहिल्या दिवशी मालिकेतली सून तोंड उघडून जी थांबली ती हलेचना. लता पोळ्या लाटून झाल्या तरी बघत बसली होती, बाई काहीतरी मोठं बोलणार म्हणून. शोध घेतला तर दोन खोल्यांच्या मध्ये आमची गव्हाची कोठी. पत्र्याची, वर्षाचा गहू नुकताच भरलेला. चित्राचे तुकडे तिच्यावर आपटून खाली पडत होते. कोठी हलवू का, असं मी लताला विचारलं. तिने आतल्या वर्षाच्या गव्हाकडे बोट केलं, मी पुन्हा विचारलं नाही.

शेवटी मोहिनीने फोनवर उपाय सांगितला, तो म्हणजे बफर वाढवणं. मागच्या टीव्हीने तुकडे येतील तसे लगेच दाखवायचे नाहीत, आधी थोडे साठवायचे आणि मग साठ्यातून सावकाश दाखवत राहायचं. साठवणीचं म्हटल्यावर लतालाही एकदम पटलं. किती साठवू विचारलं तर मोहिनी म्हणाली, थोडं. थोडं म्हणजे किती, हे ज्याला कळत नाही अशाच माणसाला तपासणी खात्यात घेतात. मी आकडा ढकलत ढकलत पार टोकाला नेला. चित्र असं सुरळीत झालं की काय सांगू! फक्त एक झालं, ते पुढच्या खोलीपेक्षा मागे पडलं. घड्याळ लावून मोजलं, एकतीस सेकंद. तसं पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहून, खाली सही करून, चिठ्ठी टीव्हीच्या पाठीला सुतळीने बांधली.

आता बघा, बॉक्स एक म्हणजे चॅनलही एकच. संध्याकाळी सातला लताची मालिका, त्या वेळी बॉक्स तिचा, असा आमचा करार होता आणि मी तो पाळत होतो. पुढच्या खोलीत मीही तीच मालिका बघायचो, दुसरं काय बघणार? मग मला जे दिसायचं ते तिला अर्ध्या मिनिटाने दिसायचं. मला वाटलं, तिला आधी कळलं तर सोयीचं होईल. म्हणून मी इकडून ओरडून सांगायचो, आता दार वाजणार, आता सासू बेशुद्ध पडणार, कढई उतरव आणि बघ. पहिले दोन दिवस ती हसली. तिसऱ्या दिवशी तिने दार लावून घेतलं. चौथ्या दिवसापासून मी गप्प बसायला शिकलो, तसा मी समजूतदार आहे.

पण तो रविवार आला. मालिकेचा दोन तासांचा मोठा भाग, दुपारी साडेतीनला. कथा अशी, की सुनेचा नवरा नदीत वाहून गेला म्हणून सगळे धरून बसले आहेत, आणि तोच नवरा दाढी लावून घरात ड्रायव्हर म्हणून राहिला आहे. त्या दिवशी दाढी निघणार होती. लताने आळीतल्या सहा बायका बोलावल्या, उडदाचे पापड लाटायला. पापडाचं निमित्त, सगळ्यांचं लक्ष दाढीवर. मागच्या खोलीत सात पोळपाट, सात लाटणी आणि आमचा नवा टीव्ही. ती सगळ्यांना मोठ्या कौतुकाने सांगत होती, हे सगळं आमच्या यांनी स्वतः केलं, वायर कुठेच नाही. मी पुढच्या खोलीतून ऐकत होतो. आबा, निवृत्तीनंतर माझ्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं.

आणि त्याच वेळी दुसऱ्या चॅनलवर क्रिकेटचा सामना होता. शेवटची ओव्हर. चौदा धावा हव्या होत्या. इकडे दाढीला हात जात होता. माझ्या डोक्यात एक गणित आलं, आणि ते मला इतकं सुंदर वाटलं की अजूनही थोडं वाटतं. मागे चित्र एकतीस सेकंदांनी पोचतं. मी दहा सेकंदांत सामना बघून परत आलो, तर एकवीस सेकंद शिल्लक राहतात. म्हणजे मी गेलो होतो हे मागच्या खोलीत कळायच्या आत मी परत आलेला असेन!

तुम्ही शेतकरी माणूस, तुमच्या लगेच लक्षात आलं असेल. पाटात सोडलेलं गढूळ पाणी वाफ्यात उशिरा पोचतं, पण पोचतं गढूळच. मला ते लक्षात आलं नाही. मी चॅनल बदललं. षटकार बघितला. परत यायला बटण दाबलं तर रिमोटने ऐकलं नाही. तळहातावर आपटला, सेल फिरवले, पुन्हा दाबलं. दहा सेकंदांची दीड मिनिटं झाली. परत आलो तेव्हा भाग संपून पडद्यावर जाहिराती लागल्या होत्या. आणि मी चॅनल बदलल्यापासून बरोबर एकतीस सेकंदांनीच माझा सामना मागच्या खोलीत पोचला होता. तिकडून सुगंधाबाईंचा आवाज आला, "हा कोन आला व लता? त्या ड्रायव्हरचा भाऊ का काय?" (निळ्या कपड्यातला तो खेळाडू सीमारेषेवर थुंकत होता. पण मालिकेत काय वाटेल ते होतं, त्यामुळे सातही जणींनी त्याला थोडा वेळ भाऊ म्हणून मान्य केलं होतं.) मग जाहिराती लागल्या. लाटणी थांबली.

लता दारात आली. रागावली नव्हती. चित्र काहीतरी गडबडलं असं तिला वाटलं. मी पुढे आहे, म्हणजे मला दिसलं असणार, या विश्वासाने तिने विचारलं, काय झालं पुढे? तिच्या मागे सहा जणी, हाताला पीठ. आबा, त्या क्षणी मी सांगायला हवं होतं की मी क्रिकेट बघत होतो. फार तर एक लाटणं बसलं असतं. पण मी म्हणालो, दाढी निघाली, तिने ओळखलं, त्याच्या पाया पडली आणि दोघं एकमेकांना धरून रडले. ऐकून सुगंधाबाईंनी पिठाच्या हातानेच डोळे पुसले. लताने माझं सांगणं आळीभर केलं. ज्यांनी बघितलं नव्हतं त्यांना पिठाच्या गिरणीत उभी राहून सांगितलं. माझे शब्द जसेच्या तसे, वर स्वतःचं दोन थेंब पाणी घालून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो भाग पुन्हा लागला. सुनेने दाढी उपटली, खाडकन कानाखाली वाजवली आणि त्याची पेटी रस्त्यावर फेकली. आळी हसली. गिरणीवाला हसला. सुगंधाबाईंनी तर दारातून विचारलं, काय लता, तुझ्याकडची मालिका वेगळी येते का?

लता भांडली नाही. भांडते तेव्हा ती इकडचं बोलते. त्या दिवशी माहेरची अहिराणी बोलली, म्हणजे किती लागलं असेल बघा. "चॅनल बदलं ते बदलं," म्हणाली, "पन माले खोटं का बरं सांगं तुम्ही?" मग बॅग भरली. चौतीस वर्षांत मी तिला साडी आवडली नसताना आवडली असंही कधी म्हटलं नव्हतं (त्याचाही तिला त्रास झाला आहे, पण विश्वास होता). तो विश्वास मी एका षटकारावर घालवला. मला त्याची लाज वाटते, आबा. सरळ लिहितो.

बाकी इकडे उत्तम चाललं आहे. स्वयंपाक येतो मला. काल वांग्याचं भरीत केलं, वांगं आतून कच्चं राहिलं, पण मिरची चांगली भाजली गेली. संध्याकाळी सातला मी पुढचा टीव्ही बंद करून मागच्या खोलीत, तिच्या जागेवर बसतो. पुढच्या खोलीतून कोणी ओरडून काही सांगत नाही, त्यामुळे काय होणार ते आधी कळत नाही. मालिका खरं तर बरी आहे. तेव्हा लताला पाठवा असं माझं मुळीच म्हणणं नाही. तिला राहायचं तितके दिवस सुखाने राहू द्या, गुडघा नीट शेकून घ्या. वहिनींना नमस्कार, म्हशीला चारा.

तुमचा आज्ञाधारक,
गिरधर

ता. क. परवाच्या वादळात तुमची छत्री फिरली आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसतात, हे मोहिनीकडून कळलं. म्हणजे लताची मालिका बुडते आहे, त्याआधीही ती रागाने बघत नव्हतीच म्हणे. म्हणून सोबत सतरा पानं जोडली आहेत. ती गेली त्या मंगळवारपासून गेल्या शनिवारपर्यंत, एका भागाला एक पान. जे दिसलं तेवढंच लिहिलं आहे, प्रत्येक पानाखाली तपासून सही केली आहे. माझ्या हातचं म्हणून ती वाचणार नाही. ती गुडघा शेकत असताना तुम्ही मोठ्याने वाचा. तुम्हालाही गोडी लागेल.

ता. क. २. कालच्या सोमवारच्या भागाचं पान मुद्दाम जोडलेलं नाही. काल सून त्याला घरात घेणार की नाही त्याचा निकाल होता. मला सगळं ठाऊक आहे. तिला म्हणावं, ऐकायचं असेल तर इथे येऊन ऐक.

ता. क. ३. पाकीट डकवलं होतं, ते फोडून हे लिहितो आहे. आबा, ता. क. २ तिला वाचून दाखवू नका. नाही, दाखवा, आणि लगेच हेही दाखवा. मला काहीच ठाऊक नाही. काल सातला पाच कमी असताना लाइट गेली ती आठला आली. लता आली की काहीतरी जुळवून सांगू असं मनात होतं. आत्ता दीड वाजला आहे. दोनला तो भाग पुन्हा लागेल, बघून पान लिहिता येईल, पोस्टही चारपर्यंत उघडं असतं. पण बघत नाही, आणि आजपासून सातलाही टीव्ही लावणार नाही. रविवारी दुपारी आठवड्याचे सगळे भाग एका ओळीत लागतात. तिने त्याला घरात घेतलं का, ते तोवर मलाही माहीत नसू दे. लता आली तर दोघांना एकदमच कळेल.