पाहुणीची ओटी जातानी

माय, तुझा आवाज माझ्याजवळ कुठंच न्हाई. तू गेलीस तेव्हा गावात मोबाईल चार-दोन जणांकडंच होते, आणि तुझं बोलणं भरून ठेवावं असं कोणाला सुचणार? फोटो आहे एक, कोणाच्या तरी लग्नातला. त्यात तू दुसरीकडंच पाहून राहिलीस आणि तोंड उघडं आहे, म्हणजे कोणावर तरी ओरडतच असशील. आज लिहायला बसले त्याचं कारणही आवाजच आहे. सगळं सांगते, फक्त नेहमीसारखं मधे बोलू नको.

मी आता हिंगोलीला आपत्तीच्या कंट्रोल रूममध्ये कामाला आहे. पूर, आग, वीज पडणं, काहीही झालं तरी पहिला फोन आमच्याकडं येतो. "म्हणजे संकटाची वाट पाहत बसायचा पगार घेतेस की गं," असं तू म्हणाली असतीस, आणि ते बराबरच आहे. भिंतीवर मोठे पडदे आहेत. पुलांवर, घाटांवर कॅमेरे लावलेत, नदी किती चढली ते इथं खुर्चीत बसून दिसतं. सिद्धेश्वर धरणाचं पाणी सोडायचं ठरलं की आम्हाला आधी कळवतात. मग आम्ही बटन दाबतो, काठाच्या गावांतले भोंगे वाजतात, घराघरातले मोबाईल एकदम किंचाळायला लागतात, आणि भोंग्यातून एका बाईचा भरून ठेवलेला गोड आवाज सूचना देतो. आपल्या गावाचा भोंगा कुठं बसवला, सांग बरं? शाळेतल्या तुझ्या खिचडीच्या खोलीवर! शाळा नव्या जागी गेली, पण नदीच्या घाटाच्या वरच्या अंगाला ती खोली अजून उभी आहे. स्लॅब पक्का म्हणून साहेब लोकांनी तीच पसंत केली. मला इतकं हसू आलं. म्हटलं, या खोलीतून ओरडायची पद्धत काही नवी न्हाई.

त्या खोलीचं नाव निघालं की मला एकच दिवस दिसतो. मी तिसरीत असेन. चुलीवर पोरांची खिचडी रटरटून राहिलीय, तू कालथ्यानं हलवतेस, आणि तुझ्यासोबत स्वयंपाकाला असलेली मावशी ताटं मांडतेय. ती आपली सख्खी नव्हती, पण सख्खीला मागं टाकील अशी. तेवढ्यात कोतवालाची दवंडी ऐकू येते, पाणी सोडलंय हो, वरी चला. लोक सामान बांधायला लागतात, आणि बाया मात्र हातात ताट घेऊन उलट्या खाली, घाटाकडं निघतात. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. पूर्णामाय चढली की तिची ओटी भरायची, तिला शांत करायचं, हे आपल्याकडं कोणाला शिकवावं लागत न्हाई. मावशीसुद्धा पदर खोचून त्यांच्यात सामील. तू कालथा तसाच हातात घेऊन दारात आलीस.

"काहून गं निघाल्या खाली?"

"मायची ओटी भरून येतो की. मग जातोच वरी."

"अगं येड्यांनो, पाहुणीची ओटी येतानी भरतेत का जातानी? ती अजून दारात आली न्हाई आन् तुमी पाठवणी करायला निघाल्या! चला वरी. जाईल तवा भरू, खणानारळानं भरू."

बाया जागच्या जागी थांबल्या. माहेरवाशीण निघाली की मगच तिची ओटी भरतात, हे तर त्यांनी जन्मभर केलेलं. एक जण फसकन हसली, मग सगळ्याच हसल्या, आणि खिचडीचं पातेलं दोघींनी दोन बाजूंनी धरून वरात मारोतीच्या टेकाडावर गेली. मी चपलेसाठी माघारी पळाले, तर तू दंडाला धरून ओढलंस. "चप्पल दुसरी घेता येती. लेकरू कुठून आणू?" ते दुखलं होतं गं, पण ती खिचडी आम्ही टेकाडावर बसून खाल्ली, तशी चव पुन्हा मिळाली न्हाई. पाणी वसरलं तेव्हा तू सगळ्यांच्या पुढं होऊन ओटी भरलीस.

आता या पावसाळ्याचं ऐक. दुपारची वेळ. पाणी सोडल्याचा निरोप आला, आम्ही भोंगे वाजवले, मोबाईलवर सूचना गेल्या. सगळं ठरल्याप्रमाणं. आणि मी आपल्या गावाच्या पडद्याकडं पाहिलं, तर बाया खाली उतरून राहिलेल्या. एकीमागं एक, हातात ताटं. भोंगा वाजला म्हणजे पाणी येतंय, हे गावाला नीट समजावलेलं होतं, आणि त्यांना ते नीट समजलंही होतं. पाणी येतंय, म्हणूनच ओटी! सगळ्यात पुढं मावशी, आता कंबरेत वाकलेली, नातसुनेच्या खांद्यावर हात ठेवून. तिला मी चालीवरून ओळखलं. तिच्या मोबाईलवर फोन लावला, उचलेना. घरी खुंटीला टांगला असणार. सरपंचाचा लागेना. भोंग्यातली बाई गोड आवाजात सांगून राहिली, नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे. एकीनंही मान वर केली न्हाई. घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या मला दिसत होत्या.

आमचे साहेब माझ्याहून वयानं लहान, भला माणूस. त्यांनी ती सूचना बंद केली आणि माईक माझ्याकडं सरकवला. "ताई, गाव तुमचं आहे. तुम्ही बोला."

मला काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. तोंड उघडलं आणि आतून तूच बाहेर आलीस. "काहून गं निघाल्या खाली? पाहुणीची ओटी येतानी भरतेत का जातानी? ठेवा ते ताट अन् चला वरी! जाईल तवा भरू!" कंट्रोल रूममध्ये सगळे माझ्याकडं पाहून राहिले. पडद्यावर बाया थांबल्या होत्या. मावशीनं वळून तुझ्या खोलीकडं पाहिलं, भोंग्याकडं न्हाई, खाली दाराकडं, जिथं तू उभी राहायचीस. मग तिनं नातसुनेला काहीतरी सांगितलं आणि अख्खी रांग उलटी फिरली. मी पडद्याकडंच पाहत होते, माईक बंद करायचं बटन साहेबांनीच दाबलं. घाटावर पाणी चढलं, तेव्हा तिथं कोणीच नव्हतं.

पाणी वसरल्यावर मी गावात गेले. मावशीनं मला पाहिलं आणि आधी एक धपाटा घातला. "सटवे, घाबरवलंस की मला! मला वाटलं तीच आली कालथा घेऊन." मग माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले. नदीची ओटी भरून झाली होती. निघताना तिनं मला पाटावर बसवलं. तू गेल्यापासून मी माहेराहून रिकाम्या पदरानं परत येते माय, कोणाला सांगितलं न्हाई, पण येते. मावशीनं माझ्या पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, आणि म्हणाली, "जातानीच भरतेत ना गं? मग बस गप."

आपल्या गावाच्या भोंग्यासाठी आता माझाच आवाज भरून घेतलाय. पाहुणीचं वाक्य साहेबांनी जसंच्या तसं ठेवलं. हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत न्हाई, ओटीच्या नारळाजवळ कपाटात ठेवीन. एक सांगायचं राहिलं. दर महिन्याला ती सूचना तपासावी लागते, कानाला हेडफोन लावून एकदा ऐकली की काम संपतं. मी पुन्हा पुन्हा ऐकत बसते. साहेब विचारतात, ताई, काही बिघाड आहे का? मी म्हणते, जरा खरखर येऊन राहिलीय. खरखर-बिरखर काही न्हाई, माय.