रविवारचं पाणी

आई, तुला थांब म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं. हे मला आज दुपारी कळलं आणि तेव्हापासून मी पडवीत नुसती बसून आहे.

गेल्या महिन्यात मी पुन्हा पीएच.डी.ला नाव घातलं. या वयात, शाळेतली नोकरी सांभाळून. भाऊ हसला, "आता डाक्टर होऊन आमाला गोळ्या देनार काय गो?" विषय तोच जुना, कातळावरच्या विहिरींचं पाणी कधी किती खाली जातं. नव्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, मधल्या वर्षांच्या नोंदी नाहीत, पहिल्यापासून मोजा. म्हणून आपली ती गाठींची दोरी शोधायला आज इथे घरी आले. वहिनीने माळ्यावरून दोरी काढली आणि तिच्याबरोबर कॅलेंडरांची ही जाडजूड गुंडाळी. "आईंनी कदी टाकू दिली नाय. म्हनायच्या, बायची हायत."

उघडली, तर प्रत्येक रविवारच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा. इतके फूट, इतकी बोटं. मी शिक्षण सोडलं त्या वर्षाचं कॅलेंडर, त्याच्या पुढचं, त्याच्याही पुढचं. तेरा वर्षं, अगदी तू गेलीस तोवर. एका ठिकाणी लिहिलंयस, "ताप. मोजलं नाय." एका ठिकाणी, "यांचं तेरावं. सांजचं मोजलं." बाबांच्या तेराव्यालासुद्धा, आई?

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: पहिल्यांदा पीएच.डी.साठी मी पुण्याला निघालेय, तू भाकऱ्या थापतेयस. दर रविवारी, पाणी शेंदायच्या आधी दोरी सोडायची, दर फुटाला एक गाठ आहे, असं मी तुला शिकवतेय. तू विचारतेस, "आनि पानी दोन गाठींच्या मदी आलं तर?" "तर बोटं मोज. पण अंदाजाने लिहू नकोस हं!" केवढ्या तोऱ्यात बोलले मी. तू पिठाचे हात धुतलेस आणि लगेच विहिरीवर गेलीस.

मघाशी बाईंना फोन केला. त्यांचा विश्वासच बसेना. मग त्यांनी विचारलं, "मोजणारी व्यक्ती भरवशाची होती ना?" मी हो म्हणाले आणि घाईने फोन ठेवला.

कारण तेव्हाच्या मार्गदर्शक सरांशी पटलं नाही म्हणून शिक्षण सोडलं, हे मी तुला खोटं सांगितलं होतं. वाडीपलीकडच्या दोन विहिरींवर जायचा मला कंटाळा आला, ते आकडे मी खोलीवर बसून लिहिले. सरांनी बरोबर ओळखलं. हे कोणी मोजलं, म्हणाले. मी म्हणाले, आईने. चौथी शिकलेली आहे, चुकली असेल. सर एवढंच म्हणाले, सगळं पुन्हा मोज. त्यांना पुन्हा तोंड दाखवायला नको म्हणून मी नाव काढून घेतलं. आणि तू इथे मोजत राहिलीस.

उद्या बाईंना सगळं सांगणार आहे. मग त्यांनी मला ठेवलं तर ठेवलं. हा कागद तुझ्या गुंडाळीतच घालून ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? आज रविवार. आत्ता विहिरीवर जाऊन दोरी सोडून आले. पाणी दोन गाठींच्या मध्ये होतं. बोटं मोजली मी, नीट मोजली. पण त्याआधी क्षणभर, आजसुद्धा, सरळ पुढच्या गाठीचा आकडा लिहून टाकावासा वाटला.