सदतीस बाण

३ नोव्हेंबर १९९४
सदतिसावा सापडला! कॅथेड्रलच्या उत्तरेकडच्या सहाव्या खांबावर, अगदी खाली. वाकड्या शेपटीचा बाण, पाथरवट आपल्या दगडावर सहीसारखी कोरतात ती खूण — गाभाऱ्यातल्या दगडावर आहे तोच. म्हणजे एकच पाथरवट दोन्हीकडे राबला. म्हणजे ही उत्तर बाजू सगळे म्हणतात त्याच्या वीस वर्षं आधी बांधली गेली! सात वर्षांचा माझा प्रबंध या एका खुणेवर उभा आहे. मादाम लेकुफ्ल, माझ्या मार्गदर्शक, आज चक्क हसल्या. म्हणे, "ओदिल, आता परीक्षक काय डोंबल विचारणार?"

८ नोव्हेंबर
कशाला गेले फिरमँकडे!

निवृत्त पाथरवट. दुसऱ्या महायुद्धानंतर याच कॅथेड्रलच्या दुरुस्तीवर होता. छिन्नी कशी धरतात ते मला त्यानंच शिकवलं, म्हणून कौतुकानं फोटो दाखवले. त्यानं बिअर बाजूला ठेवली, चष्मा पुसला. "अगं पोरी, हे तर माझे!"

थट्टा वाटली. नव्हती. गाभाऱ्यातला बाण तेवढा जुना. एकोणिसाव्या वर्षी त्याला तो आवडला, मग आपल्या प्रत्येक दगडावर तोच कोरला.

"पण उत्तरेकडे दुरुस्ती झालीच नाही! कागदोपत्री आहे तसं."

"कागद मुकादम लिहायचा. दक्षिणेचे उरलेले दगड आम्ही गुपचूप तिकडे बसवले. नवा दगड ओळखू आला की फोडायला लावायचा तो. तुला आला का ओळखू?"

आणि वर काय खूश होता!

९ नोव्हेंबर
भिंगाखाली सगळे फोटो पुन्हा पाहिले; जुना बाण कुठला, त्याचा कुठला, मला ओळखता येत नाही.

१४ नोव्हेंबर
सांगायचंच म्हणून मादामकडे गेले. मी तोंड उघडायच्या आत — "प्रबंध परीक्षकांना पाठवला. तुझ्या नोकरीचंही बोलून ठेवलंय." थँक्यू म्हणून परत आले. भित्री! सांगितलं तर सात वर्षं मातीत. नाही सांगितलं तर जन्मभर वर्गात हेच खोटं शिकवायचं. कुठूनही सुटका नाही.

२ डिसेंबर
मादामनी फिरमँला प्रबंधाच्या जाहीर तोंडी परीक्षेचं आमंत्रण धाडलं! पहिल्याच पानावर मीच त्याचे आभार मानलेत ना. मेले!

"येऊ नका" म्हणायला धावले. तो इस्त्री केलेला कोट दाखवत बसला. मग रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"मग खरं सांगून मोकळी हो की."

"धीर होत नाही हो."

त्यानं कोटावरची धूळ झटकली आणि परीक्षेची वेळ पुन्हा विचारून घेतली.

१६ डिसेंबर
डॉक्टर झाले. भरल्या सभागृहात परीक्षकांनी फिरमँला विचारलं, ही खूण तुमच्या ओळखीची आहे का? माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाही. असा हात आमच्यात कुणाचाच नव्हता." टाळ्या पडल्या. त्याचं नाव त्या अख्ख्या इमारतीवर कुठेही नाही, होती ती एवढीच खूण. आता खरं बोलायचं, तर आधी त्याला चारचौघांत खोटं पाडावं लागेल.