लाल दोऱ्याची जाळी

चि. लिनवुड,

डाव्या हाताने लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. अर्धांगाच्या झटक्याने माझा उजवा हात लुळा पडला आणि तू दर रविवारी सुतळी आणून टाकायला लागलास. म्हणे, "ताई, शेवंडं पकडायच्या पिंजऱ्यांना जाळी तुझ्याच हातची हवी." मी दातांत सुतळी धरून वेड्यावाकड्या गाठी मारते आणि तू त्यांना झकास म्हणतोस! इतका गोड कधीपासून झालास रे? माझं मन रमावं म्हणून जाळ्या नेतोस आणि वाटेत फेकून देतोस, असा मला दाट संशय होता.

म्हणून प्रत्येक जाळीत मी गुपचूप एक लाल दोरा ओवला. आज काठी टेकत धक्क्यावर गेले आणि तुझे रचून ठेवलेले पिंजरे तपासले. लाल दोरा एकातही नाही!

मी तणतणत होते, तेवढ्यात शेजारच्या बोटीवरचा म्हातारा थर्लो हसायला लागला. "अगं वेर्ना, हे मोडके आहेत, दुरुस्तीला काढलेले. धड पिंजरे सगळे पाण्यात आहेत. तुझ्या जाळ्या तिकडेच असणार."

असतीलही. पण थर्लोला तूच पढवून ठेवलं नसशील कशावरून?

हे पत्र तुला देणार नाही, नाहीतर सावध होशील. आजारपणानंतर मी बोटीवर पाऊल ठेवलेलं नाही. उद्या पहाटे ठेवणार आहे. तू पिंजरे वर ओढशील तेव्हा मी शेजारी उभी असेन.

आणि चढताना मला हात द्यायला येऊ नकोस.

तुझी थोरली बहीण,
वेर्ना