खरा ठरलेला शब्द

प्रिय दादा,

आईने तुझा निरोप दिला. हाताची पट्टी सुटली, दोन बोटं वळायला लागली, आणि मावशीकडे नुसतं बसून तुला जीव नकोसा झालाय. सोमवारी लॉन्ड्रीत परत रुजू व्हायचं म्हणतोस. पण "आधी मास्तरणीला विचारा, तिला काही दिसतंय का," असंही म्हणालास म्हणे. पूर्वी तू मला मास्तरीण म्हटलंस की सगळं घर हसायचं. आता तेच नाव घेताना आईने आवाज खाली आणला, जणू मी शेजारच्या खोलीत आजारी पडले आहे.

इथे सगळे असंच करतात. प्रार्थनेनंतर बायका माझ्या बाहीला हात लावून जातात. शिंपीणबाई मुलीसाठी आलेलं स्थळ घेऊन आल्या, मुलाचा फोटो माझ्यापुढे ठेवला आणि डोळे मिटून बसल्या. मी म्हटलं, "बाई, मला काय कळणार? मुलाशी बोलून बघा." तर त्या खूश होऊन उठल्या, म्हणाल्या, "बोलून बघा, असा शब्द मिळाला!" तुला सांगितलं असतं तर तू पोट धरून हसला असतास. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दादा, मला काही दिसलं नव्हतं. म्हणजे दिसलं होतं, पण सगळ्यांना दिसतं तसंच, या दोन डोळ्यांनी. तुझा डबा घेऊन लॉन्ड्रीत आले होते तेव्हा बॉयलरच्या खोलीत डोकावले. वाफ वाढली की आपोआप उघडणारा तो सेफ्टी व्हॉल्व्ह तारेने घट्ट बांधून टाकला होता. बॉयलरवाले काका म्हणाले, "सारखा फुसफुसतो गं, चादरी वाळायला वाफच पुरत नाही." मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली. घरात पहिली पदवी माझी, मला गप्प कसं बसवेल? मी त्यांना समजावलं, मग मालकांना. मालक हसून म्हणाले, "पोरी, पदवी भिंतीवर लाव, इथे आम्ही वीस वर्षं वाफच खातोय." तुलाही सांगितलं. तू म्हणालास, "तुझं पुस्तक मिट आणि मला जेवू दे."

म्हणून त्या रविवारी मी चर्चमध्ये उभी राहिले. साक्ष द्यायची, देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायची वेळ होती, मालक पहिल्या बाकावर होते. मी म्हणाले, प्रभूने मला दाखवलं: लॉन्ड्रीत आग आणि पाणी एक झालंय, आणि माणसं ओरडताहेत. मला वाटलं होतं, पदवीचं नाही तर देवाचं तरी ऐकतील. आणि ऐकलं रे! मालक गुडघ्यांवर आले, रडले. पाळकसाहेबांनी तीन दिवसांचा उपास जाहीर केला. लॉन्ड्रीच्या चारही भिंतींना हात लावून लोकांनी प्रार्थना केली. बॉयलरवर हात ठेवून केली. त्यांच्या हातापासून ती तार वीतभर लांब होती. कोणी सोडली नाही. मीही तिथेच होते. माझ्या तोंडून देव बोलला असं नुकतंच ठरलं होतं, मग "आधी ती तार काढा" हे देवाच्या तोंडी कसं शोभणार?

चौथ्या दिवशी बॉयलर फुटला आणि तुझा उजवा हात भाजला. त्यानंतरच्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "शब्द खरा ठरला," आणि सगळी मंडळी आमेन म्हणाली. तू खाटेवर होतास, दादा, आणि लोक आनंदाने आमेन म्हणत होते. लहानपणी रविवारच्या शाळेत एका संदेष्ट्याची गोष्ट ऐकली होती, आठवते? शहराचा नाश होणार म्हणून तो ओरडत फिरला, लोक सुधारले, शहर वाचलं, तर हाच रुसून उन्हात जाऊन बसला. तेव्हा आपण त्याला हसायचो. आता वाटतं, त्याच्याइतकं भाग्य कोणाचं? त्याचा शब्द खोटा ठरला. त्यासाठीच तर तो दिलेला असतो. माझाही खोटा ठरायला हवा होता.

आणि जे मी पाळकसाहेबांनाही सांगितलेलं नाही, ते हे. तो आवाज झाला तेव्हा मी पाणवठ्यावर भांडं भरत होते. माझ्या मनात पहिल्यांदा तुझं नाव आलं नाही. पहिल्यांदा आलं, "मी सांगितलं होतं." क्षणभर मला बरं वाटलं. मग मी धावले. पण तो क्षण माझ्यामागून चालतो. कोणी बाहीला हात लावला की मला तोच आठवतो.

येत्या रविवारी माझ्या डोक्यावर हात ठेवून मला मंडळीची संदेष्ट्री म्हणून नेमणार आहेत. त्याआधी मी उभी राहून हे सगळं सांगणार आहे. पण आधी तुला कळायला हवं, कारण हात तुझा भाजला. मंगळवारी तुझा रजेचा कागद आणायला मी लॉन्ड्रीत गेले होते. नव्या बॉयलरचा व्हॉल्व्हही उघडू नये म्हणून त्यांनी त्यावर लोखंडाचं वजन टांगलंय. मी बुधवारी शहरातल्या बॉयलर तपासणी कार्यालयात अर्ज दिला. साहेब म्हणाले, पंधरा दिवस लागतील. मालकांना हे कळताच लॉन्ड्रीतली बाबांची इस्त्रीची नोकरी जाईल. बाबांना मी काल तसं सांगितलंय. तुला माझ्याकडून शब्द हवा होता ना? तर सोमवारी जाऊ नकोस. तपासणी होईपर्यंत जाऊ नकोस. मला कोणी काही दाखवलेलं नाही. अर्जातही मी तसंच लिहिलंय: "मी स्वतः पाहिले", आणि खाली माझी सही.

तू रागावलास तरी तुझीच,
धाकटी