काकांनी मारलेला माणूस

प्रिय काकू,

शिरसाष्टांग नमस्कार मागाहून, आधी कबुली: काकांनी कादंबरीत मारायला दिलेला माणूस मी सोडून दिला. तुझी कंबर कशी आहे? लेकीकडे विश्रांती मिळतेय ना? (इथे मला मिळत नाहीये.)

काकांचं हस्तलिखित मीच टाइप केलं, हे तुला माहीत आहेच. त्यात एक घड्याळं दुरुस्त करणारा लंगडा, परका माणूस आहे. गावात रोगराई येते, गाव त्याच्यावर खापर फोडून त्याला दगडांनी ठेचतं, आणि तिसऱ्या दिवशी त्याच जागेवर डोकं टेकतं. काकांचं म्हणणं, रक्त सांडल्याशिवाय देव तयार होत नाही. (हा माणूस झुरळ मारायला मला हाक मारतो.) पण तीनशे पानं मी त्या लंगड्यासोबत काढली गं. मुंग्यांना साखर घालायचा बिचारा. शेवटच्या प्रकरणात माझी बोटंच चालेनात. मग दिला त्याला मागच्या दाराने पळवून. लोक दगड घेऊन उभे, मारायला कोणीच नाही. हात भरून आले तसे दगड खाली रचले, आणि त्या ढिगालाच हात जोडले.

वाटलं, प्रुफं बघताना काका पकडतील, चार शिव्या घालतील, मग दोघं हसू. पण त्यांनी ते प्रकरण उघडलंच नाही. म्हणाले, "एकदा मारलेल्याला पुन्हा मारायचं नसतं," आणि न वाचता सही ठोकली. आता पुस्तक छापून आलंय. उद्या भरसभेत ते हेच प्रकरण वाचणार. आधीच्या टायपिस्टने एक स्वल्पविराम हलवला होता, तर त्याच्या कपाळाला तीन टाके पडले. (झुरळ वेगळं, शब्द वेगळे.) शेजारच्या खोलीत काका पुस्तकांच्या गठ्ठ्याची दोरी कापतायत. पानं उलटतायत. आता आवाज थांबला.

तुझा नालायक पुतण्या

ता. क. खरं काम हे: शेजारचा ड्रायव्हर तासाभरात तुझ्याकडे निघतोय, त्याच्या हाती पत्र देतो. मिळताच काकांना फोन कर, सभेत शेवटचं नको, पहिलं प्रकरण वाचा म्हणावं. तुझं ऐकतात.

आणखी एक ता. क. फोन करू नकोस. काका बाहेर आले, पुस्तक छातीशी, डोळे लाल. मी दाराकडे सरकलो. म्हणाले, "अरे, हे मी कधी लिहिलं? मी तर त्याला मारायलाच बसलो होतो. कोणीतरी माझा हात धरला बघ." उद्या व्यासपीठावरून हेच सांगणार आहेत. जन्मात कशापुढे न वाकलेला माणूस पेनाला नमस्कार करून बसलाय. शेवटच्या प्रकरणाची त्यांच्या अक्षरातली मूळ अकरा पानं तुझ्या कपाटात स्वेटरांखाली ठेवलीत, किल्ली सोबत पाठवतोय. काकू, पाया पडतो, कोणाला सांगू नकोस. त्यांना तर मुळीच नको.